वर्धा जिल्ह्यातील खाद्यविक्रेत्या स्त्रिया : एक ऐतिहासिक विवेचन

वर्धा जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाचा विचार कापसापासून सुरू होतो आणि बहुधा कापसापाशीच संपतो. हिंगणघाटच्या कापसाची ख्याती, लोहमार्गाचे आगमन, जिनिंगचे कारखाने, हिंगणघाट व पुलगाव येथील गिरण्या यांविषयी शासकीय वृत्तांतांत पुष्कळ सामग्री आहे. परंतु हा कापूस पिकविणारा आणि वेचणारा समाज ज्या आठवड्याच्या बाजारात मीठ-मिरची घेण्यास जमत असे, त्याच बाजाराच्या कडेला फुटाणे, मुरमुरे, लाह्या, शिंगाडे किंवा बोरे यांची टोपली घेऊन बसणारी स्त्री या सामग्रीत क्वचितच आढळते. ती नव्हती असे कोणीही म्हणणार नाही. तथापि तिची नोंद मात्र झाली नाही. प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचा विचार केला आहे : कोणते खाद्यपदार्थ स्त्रियांच्या हाती राहिले व का, बाजाराचे स्वरूप पालटत गेले तसे या विक्रेत्यांचे स्थान कसे बदलले, आणि अभिलेखांतील त्यांच्या अनुपस्थितीचा आजच्या कायद्याच्या दृष्टीने काय अर्थ होतो.

१. टोपलीतील पदार्थ आणि हाताचा निर्बंध

खाद्यविक्रीचा इतिहास हा केवळ रुचीचा इतिहास नव्हे. कोणाच्या हातचे अन्न कोणी घ्यावे याविषयीच्या निर्बंधांचाही तो इतिहास आहे. जुन्या मध्य प्रांतात अन्नाचे कच्चे आणि पक्के असे दोन वर्ग मानले जात. पाण्यात शिजविलेले वरण, भात यांसारखे अन्न कच्चे आणि तुपात तळलेले अन्न पक्के, असा हा भेद होता. कच्चे अन्न स्वजातीच्या किंवा उच्च मानल्या गेलेल्या जातीच्या हातचेच चालत असे. पक्क्या अन्नाच्या बाबतीत निर्बंध काहीसा शिथिल होता. भाजलेल्या कोरड्या धान्याचे स्थान या दोन्ही वर्गांहून निराळे होते. त्यात पाण्याचा अंश उरत नसल्यामुळे ते खरकटे मानले जात नसे, आणि म्हणून ते अधिक लोकांस अधिक लोकांच्या हातून घेता येत असे. अनेक जातींचे लोक एकत्र येतात अशा बाजारात, जत्रेत किंवा प्रवासात फुटाणे-मुरमुऱ्यांचे जे महत्त्व दिसते, त्याचे एक प्रमुख कारण हे होय.

रॉबर्ट व्हेन रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयी लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात धान्य भाजण्याचा व्यवसाय करणाऱ्या भडभुंजांचे स्वतंत्र प्रकरण आहे. ढीमरांच्या व्यवसायांत मासेमारी, पालखी वाहणे व पाणी भरणे यांच्या जोडीला शिंगाड्याची लागवड आणि धान्य भाजणे यांचाही उल्लेख येतो. या व्यवसायांची सांगड आकस्मिक नाही. ज्यांच्या हातचे पाणी उच्चवर्णीयांस चालत असे, त्यांच्याच हातचे भाजलेले धान्य निःशंकपणे घेतले जाई. म्हणजे पाणी भरणारा हात आणि फुटाणे विकणारा हात यांना एकच सामाजिक मान्यता होती.

या मान्यतेची दुसरी बाजूही तितकीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या समाजांच्या हातचे पाणी चालत नसे, त्यांतील स्त्रियांना शिजविलेल्याच नव्हे, तर भाजलेल्या अन्नाच्या विक्रीचा मार्गही बंद होता. न चिरलेले फळ, सरपण व गवत यांस हा नियम त्याच कठोरतेने लागू नव्हता. त्यामुळे रानातून गोळा करून आणलेल्या वस्तूंची विक्री हेच त्यांच्यापुढील साधन राहिले. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने १९२८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्यांस खुले झाले. अस्पृश्यतेच्या कारणावरून व्यवसाय किंवा व्यापार करण्यास आडकाठी आणणे हा दंडनीय अपराध ठरला तो १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने. मंदिराचे दार आणि बाजारातील पाल यांच्यामध्ये सत्तावीस वर्षांचे हे अंतर आहे. कायदा झाल्यानंतरही ग्राहकाचा संकोच एका दिवसात नाहीसा होत नाही, हे वेगळे सांगावयास नको. सर्व खाद्यविक्रेत्या स्त्रियांचा एकच इतिहास सांगता येत नाही, तो या कारणाने.

२. भट्टीचे अर्थशास्त्र

भाजलेल्या धान्याचा व्यवसाय स्त्रियांच्या हाती टिकून राहिला, याची कारणे सामाजिक आहेत तशी तांत्रिकही आहेत. फुटाणे करण्याची कृती वरवर पाहता साधी वाटते. हरभरा प्रथम ऊन वाळूत थोडा वेळ परतून काढावयाचा, त्यावर पाण्याचा शिपका द्यावयाचा आणि झाकून मुरू द्यावयाचा. नंतर तो कडकडीत तापलेल्या वाळूत पुन्हा भाजावयाचा, चाळणीने वाळू वेगळी करावयाची आणि दाणे चोळून टरफल सोडवावयाचे. मुरण्याच्या अवधीत ओलावा दाण्यात सर्वत्र सारखा पसरतो. दुसऱ्या भाजणीत त्याची एकाएकी वाफ होते, दाणा फुगतो आणि टरफल तडकते. ओलावा कमी पडला तर दाणा टणक राहतो, अधिक झाला तर तो चिवट होतो. ज्वारीच्या लाहीतही वाफेचाच हा खेळ असतो; मुरमुऱ्यांसाठी मात्र तांदूळ आधी उकडून वाळवावा लागतो. वाळूमुळे उष्णता दाण्याच्या सर्व बाजूंस सारखी पोचते आणि दाणा करपत नाही. वाळू किती तापली हे जाणण्यास कोणतेही उपकरण नसते. दाण्याचा आवाज, वास आणि झाऱ्याचा हात हीच मोजमापे. हे ज्ञान लेखी स्वरूपात नव्हते. आईकडून मुलीकडे व सासूकडून सुनेकडे ते भट्टीपाशीच जात असे.

या धंद्यास लागणारे भांडवल अल्प होते. मातीचे खापर किंवा लोखंडी कढई, वाळू, चाळणी, झारा, टोपली आणि एखादे माप एवढ्यावर त्याचा आरंभ होई. इंधनाचा प्रश्न या जिल्ह्याच्या पिकांनीच सोडविला होता. कापसाचा हंगाम संपल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या काढणीनंतरच्या तुराट्या हे येथील खेड्यांतील नित्याचे सरपण. ते स्त्रियाच उपटून, गोळा करून व डोक्यावरून वाहून आणीत. ज्या श्रमास मोल दिले जात नव्हते, त्या श्रमावर हा व्यवसाय उभा होता, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

न विकलेल्या मालाचे काय होते, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. भजी, वडे यांसारखे तळलेले पदार्थ संध्याकाळी शिळे होतात. त्यांसाठी तेल रोज विकत घ्यावे लागते, आणि एका दिवसाची विक्री बुडाली तर भांडवलच बुडते. उलट फुटाणे व मुरमुरे दमट हवेपासून राखले तर कित्येक दिवस टिकतात. एका गावच्या बाजारात उरलेला माल दुसऱ्या गावच्या बाजारात नेता येतो. शिल्लक टाकण्याची ऐपत नसलेल्या स्त्रीस हाच व्यवसाय परवडणारा होता. शिवाय रोख पैशावाचूनही तो चालू शकत असे, कारण ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या मोबदल्यात फुटाणे-मुरमुरे घेण्याची रीत खेड्यांत सर्वपरिचित होती. अशा व्यवहारास पावती नसते, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावे.

३. बाजाराची स्थित्यंतरे

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ साली वर्धा शहराची आखणी झाली, आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वर्ध्यावरून नागपुरास पोचला. त्यापूर्वीच १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे येथील कापसाला मोठी मागणी निर्माण झाली होती. या घडामोडींनी बाजाराचा ग्राहक बदलला. आठवडी बाजारात येणारा ग्राहक सायंकाळी घरी परतत असे. कापसाच्या बाजारात आलेल्या गाडीवानास मात्र लिलाव आणि वजन होईपर्यंत घरापासून दूर थांबून राहणे भाग होते. १८८० नंतरच्या दोन दशकांत हिंगणघाट व पुलगाव येथे कापसाच्या गिरण्या निघाल्या, जागोजागी जिनिंगचे कारखाने उभे राहिले आणि ठराविक वेळी भूक लागणारा, मजुरी रोखीने घेणारा असा नवा वर्ग निर्माण झाला. जिनिंगच्या कामावर स्त्रियाही मोठ्या संख्येने असत. सकाळपासून दुपारपर्यंत काम करणाऱ्या अशा मजुरास टोपलीतील कोरडा खाऊ हे सर्वांत स्वस्त अन्न होते.

जत्रांचे महत्त्व याहून निराळे होते. समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांचे लोक तेथे जातात. या टेकडीवर सापडणाऱ्या गोल खड्यांविषयी एक दंतकथा प्रसिद्ध आहे. साधूची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांजवळील नारळ व जायफळ यांचे दगड झाले, ते हे खडे होत, अशी श्रद्धा आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने ते झिओलाइट जातीच्या खनिजाचे खडे आहेत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लोकस्मृतीत जो विक्रेता राहिला तो मालाचे ओझे घेऊन गावोगाव हिंडणारा व्यापारी होय. जत्रेत टोपली मांडणाऱ्या स्त्रीभोवती अशी कथा रचली गेली नाही.

विसाव्या शतकात दोन गोष्टींनी स्त्रियांचे क्षेत्र आकुंचित झाले. पहिली म्हणजे चहाची दुकाने व हॉटेले. त्यांस कायम जागा, भांडी, बाके, तेल व उधारी लागते, आणि रात्री उशिरापर्यंत दुकानावर बसावे लागते. ही सर्व साधने पुरुषांस अधिक सुलभ होती. भजी, आलुबोंडा, चिवडा, पुढे तर्री-पोहे हे शहरातील रस्त्यांवरचे मुख्य खाद्य झाले आणि गाड्यावर पुरुष उभा राहिला. परंतु कांदा चिरणे, डाळ वाटणे, पीठ भिजविणे ही कामे बहुधा घरातील स्त्रीकडेच राहिली. आयरीन टिंकर यांनी सात देशांतील शहरांच्या पाहण्यांवर आधारलेला जो ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध केला, त्यात बांगलादेशातील माणिकगंज येथे हेच आढळते : रस्त्यावर पुरुष दिसतो, पण विकला जाणारा पदार्थ घरी स्त्रीने तयार केलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे रेल्वेचा परवाना. स्थानकाच्या आवारात परवान्यावाचून विक्री करणे हा अपराध आहे, आणि टोपलीवालीजवळ परवाना असण्याचा संभव अल्पच. म्हणून ती फाटकाबाहेर राहिली.

मात्र सर्वच क्षेत्र आकुंचित झाले नाही. नागपूर व त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत पालथ्या मडक्यावर भाजली जाणारी लांब रोटी हे याचे उत्तम उदाहरण होय. गव्हाचे अतिशय सैल पीठ दीर्घकाळ मळून व आपटून त्यास ताण आणावयाचा, दोन्ही हातांवर ते झेलीत कोपरापर्यंत पसरवावयाचे आणि तापलेल्या मडक्यावर टाकावयाचे, ही कृती यंत्राने साधत नाही. येथे भांडवल नव्हे तर कौशल्य दुर्मीळ आहे, आणि ते प्रामुख्याने स्त्रियांजवळ आहे. यावरून असे अनुमान निघते की, ज्या पदार्थात हाताचे कौशल्य निर्णायक ठरते तो स्त्रीच्या हाती टिकतो, आणि ज्या पदार्थात जागा व भांडवल निर्णायक ठरतात तो तिच्या हातून जातो.

४. ग्रामोद्योगाची चळवळ

वर्ध्याचे नाव अन्नविषयक विचाराच्या इतिहासात १९३४ पासून विशेष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. त्याचे कार्यालय मगनवाडीत होते आणि चिटणीस जे. सी. कुमारप्पा होते. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ, मधमाशापालन, हातकागद हे संघाच्या कार्यक्रमाचे मुख्य विषय. तांदूळ सडण्याच्या व पिठाच्या गिरण्यांनी खेड्यातील स्त्रियांचे काम हिरावून घेतले, ही जाणीव या कार्यक्रमाच्या मुळाशी होती. गांधीजी १९३६ साली शेगाव येथे राहावयास गेले, त्या गावास १९४० साली सेवाग्राम हे नाव मिळाले.

या चळवळीने अन्नप्रक्रिया हा अर्थशास्त्राचा विषय ठरविला, हे तिचे मोठे कार्य होय. तथापि वर दिलेली यादी उत्पादनाची आहे, विक्रीची नव्हे. तीत जाते आहे, घाणी आहे. बाजारातील टोपली नाही. स्वावलंबी खेड्याच्या कल्पनेत शक्यतो जवळच पिकावे, जवळच तयार व्हावे व जवळच खपावे असा विचार असल्यामुळे विक्रेता हा घटक दुय्यम ठरणे स्वाभाविक होते. परिणामी ज्या शहरात ग्रामीण अन्नाचा एवढा सूक्ष्म विचार झाला, त्याच शहराच्या बाजारात ते अन्न विकणारी स्त्री अभ्यासाचा विषय झाली नाही.

तुलनेसाठी मुंबईचे उदाहरण घेता येईल. गिरणी कामगारांस घरी जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रिया तेथे अनेक दशके होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांस मिळू लागले, तेव्हा त्यांची नावे प्रथमच कागदावर आली. काम जुनेच होते. संघटनेने त्याची नोंद निर्माण केली. त्याच १९७५ साली महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे बचत गटांच्या द्वारे पापड, मसाले, चटण्या करणाऱ्या स्त्रियांचे हिशेब लिहिले जाऊ लागले. गटाबाहेर राहून एकटीने टोपली मांडणाऱ्या स्त्रीस मात्र हा लाभ झाला नाही.

५. गणनेची दृष्टी

ब्रिटिश काळातील जनगणनेच्या व्यवसायसूचीत धान्य भाजणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग होता. म्हणजे ज्या कुटुंबाचा तोच परंपरागत धंदा, त्याची गणना होई. परंतु वर्धा जिल्ह्यातील सामान्य विक्रेती वर्षभर विक्री करीत नसे. पावसाळ्यात निंदण, दिवाळीच्या सुमारास व त्यानंतर कापसाची वेचणी, आणि शेतीचे काम ओसरल्यावर बाजार, असा तिचा क्रम असे. १९७१ च्या जनगणनेने प्रत्येक व्यक्तीस मुख्य कार्य विचारले. जिचे मुख्य कार्य घरकाम असे नोंदले गेले, ती स्त्री कामकरी वर्गातून वगळली गेली. १९८१ पासून १८३ दिवसांहून कमी काम करणाऱ्यांसाठी सीमांतिक कामकरी असा वर्ग करण्यात आला, त्यामुळे अशा काही स्त्रिया गणनेत आल्या. परंतु त्यांत मजूर कोण आणि विक्रेती कोण हे वेगळे कळणे दुरापास्त राहिले. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने १९८८ साली सादर केलेल्या ‘श्रमशक्ती’ अहवालात असंघटित स्त्रियांच्या कामाची ही अदृश्यता ठळकपणे मांडली.

६. कायदा आणि पन्नास वर्षांचा पुरावा

हा प्रश्न केवळ इतिहासलेखनाचा असता तर तो अभ्यासकांपुरता राहिला असता. पदपथावर व्यापार करणे हा घटनेच्या १९ व्या अनुच्छेदानुसार मिळालेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असून त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग यांच्या प्रकरणात १९८९ साली दिला. त्यानंतर २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण व पथविक्रीचे विनियमन करणारा अधिनियम संमत झाला. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांतील एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे. फिरत्या विक्रेत्यांचाही त्यात समावेश आहे. स्त्रियांच्या दृष्टीने हा कायदा निश्चितच पुढचे पाऊल होय.

परंतु त्यातील तीन तरतुदी वर उलगडलेल्या इतिहासाच्या प्रकाशात वाचल्या पाहिजेत. पहिली : प्रमाणपत्र घेताना आपणास उपजीविकेचे अन्य साधन नाही, असे विक्रेत्याने लिहून द्यावयाचे असते. वेचणीच्या हंगामात शेतावर आणि उरलेल्या काळात बाजारात असणाऱ्या स्त्रीने हे कसे लिहून द्यावे? तिचे दारिद्र्यच तिला दोन कामे करावयास लावते, आणि दुसऱ्या कामामुळे पहिल्यावरील हक्क संशयित ठरतो. दुसरी : विक्रेत्याच्या मृत्यूनंतर किंवा कायमच्या अपंगत्वात प्रमाणपत्राच्या उरलेल्या मुदतीपुरती विक्री करण्याचा अधिकार जोडीदारास किंवा अवलंबून असलेल्या अपत्यास मिळतो. भट्टीचे ज्ञान मात्र पुष्कळदा सासूकडून सुनेकडे आलेले असते, आणि सून या क्रमात नाही. तिसरी व सर्वांत महत्त्वाची : जेथे पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्री चालत आली आहे असे स्वाभाविक बाजार वारसा-बाजार म्हणून घोषित करावेत आणि तेथील विक्रेत्यांस हलवू नये, असे तत्त्व अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

पन्नास वर्षे मागे मोजू लागल्यास अभ्यासक १९७० च्या दशकात पोचतो. म्हणजे ज्या दशकाच्या जनगणनेने मुख्य कार्याखेरीज दुसरे काही पाहिले नाही, त्याच दशकात. कायदा ज्या काळाचा पुरावा मागतो, त्या काळातील अभिलेखांत पुराव्याची धनीण नाही. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या नगरपालिकांच्या गावी रस्तारुंदीकरण किंवा बाजाराचे स्थलांतर निघते तेव्हा दुकानदार करपावती दाखवितो, गाळेधारक करारपत्र दाखवितो. टोपलीवालीस मात्र आपली आई व सासू येथेच बसत असे, एवढेच सांगता येते.

तथापि पुरावा मुळीच नाही असा याचा अर्थ नव्हे. तो निराळ्या ठिकाणी आहे. बाजार-बैठकीच्या वसुलीचे लिलाव व ठेके नगरपालिकांच्या आणि ग्रामपंचायतींच्या ठरावबुकांत नोंदलेले असतात. कोणत्या जागी किती बैठका होत्या हे त्यांवरून काढता येते. जत्रांच्या बंदोबस्ताचे व स्वच्छतेचे कागद तहसील कचेऱ्यांत जातात. घराण्याघराण्यांतून भट्ट्या कोठे होत्या, कोणता बाजार कोणत्या वाराला धरला जाई, माल कोणत्या गावाहून येई याची स्मृती वृद्ध स्त्रियांपाशी आहे. ती स्थळ, वार व पिढी यांसह पद्धतशीरपणे लिहून घेतल्यास आणि ठरावबुकांशी ताडून पाहिल्यास समितीपुढे मांडण्यास योग्य असे साधन तयार होते. १९७० च्या दशकात तरुणपणी बाजारात बसलेल्या स्त्रिया आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ठरावबुके आणखी काही वर्षे कपाटांत राहतील. या साक्षी मात्र तितका काळ थांबणार नाहीत. एम. ए. च्या प्रबंधिकेसाठी एका विद्यार्थ्याने एकच आठवडी बाजार निवडला आणि त्याच्या बैठकांचा पन्नास वर्षांचा आराखडा सिद्ध केला, तर तो इतिहासाचा अभ्यास तर ठरेलच. त्या बाजारात बसणाऱ्या स्त्रियांच्या हाती तो कागद म्हणूनही उपयोगी पडेल.